ठणठणीत माणूस

५ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरणीने सांगितलंय, उजव्या डोळ्याला काय दिसतं ते रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. तर लिहिते. उजव्या डोळ्याला धुकं दिसतं आणि धुक्यात काळे ठिपके तरंगतात. डोळा लाल आहे. उजेड सहन होत नाही. झालं लिहून.

आता तिने न विचारलेलंही लिहिते, कारण डोक्यात राख गेलीय. मी चष्मे बनवते. हे होते तोवर दोघं मिळून दुकान चालवायचो, हे गेल्यापासून मी चालवते. लोकांचे नंबर काढण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या डोळ्याशी मात्र महिनाभर खेळत बसले. काच बदलली, पुन्हा बदलली. "काच बदलून धुकं जात नाही, डॉक्टरकडे जा," असं गिऱ्हाइकाला दटावणारी मीच.

डॉक्टरीण माझ्या मुलाच्या वयाची आहे. डोळ्यात थेंब टाकून तिने यंत्रातून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "नंबरचा प्रश्नच नाही हा. डोळ्याच्या आत सूज आहे. रक्त तपासू." मग विचारलं, मधे अंगावर पुरळ आलं होतं का. आलं होतं. तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग. खाज नाही, दुखणं नाही. नाक्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरने "काचा पुसायच्या लिक्विडची ॲलर्जी" म्हणून मलम दिलं. डाग आपले आपण गेले, श्रेय मलमाने घेतलं. मी तळपायांनी काचा पुसते का, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

घरी आले तर वन्सं दारातच उभ्या. "काय म्हणाली? कशाने झालंय? रक्त कशाला घेतलं?" वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिल्या, दुकानाचं काउंटर सांभाळतात. शिस्तीच्या इतक्या की गिऱ्हाईकसुद्धा त्यांच्यासमोर पाठ ताठ करून बसतं. मी म्हटलं, "आल्या आल्या फौजदारी कशाला? पाणी तरी पिऊ द्या."

८ सप्टेंबर

डॉक्टरणीने दार लावून घेतलं तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे. कॅन्सर म्हणेल असं वाटलं होतं.

"तुम्हाला सिफिलिस आहे," ती म्हणाली. "तो डोळ्यात उतरलाय."

मी म्हटलं, "मी विधवा आहे."

"ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षभरात कुणाशी शरीरसंबंध आला होता का, एवढंच विचारतेय."

मुलाच्या वयाच्या पोरीसमोर मी मान हलवली. या वयात असं काही होतं का, असं ती म्हणेल म्हणून वाट पाहिली. ती म्हणाली नाही, तेव्हा मीच म्हटलं.

"वय झालं म्हणजे दिवस जायचे थांबतात," ती म्हणाली. "रोग लागायचे थांबत नाहीत. उलट पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, बारीक चिरा पडतात, जंतूंना उघडं दार सापडतं. कंडोम वापरला होता?"

मला हसू आलं. लाजेचं नव्हे, रागाचं. मुलगा लहान असताना ह्यांनी वापरला तेवढाच. त्यानंतर तो जिन्नस माझ्या आयुष्यातून गेला होता, पाटीपुस्तक गेलं तसा.

तिने सगळं नीट सांगितलं. पहिला फोड येतो तो दुखत नाही, बाईच्या आत आला तर दिसतही नाही. तो भरून जातो. मग तळहात-तळपायांवर डाग, थोडा ताप, कधी केस गळणं. तेही जातं. "माणसाला वाटतं रोग गेला. तो गेलेला नसतो, आत शिरलेला असतो. पुढे डोळा, कान, मेंदू, हृदय, कुठेही." एचआयव्हीचीही तपासणी केली होती. आज तरी नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर टांगती तलवार.

उद्यापासून रुग्णालयात. पेनिसिलिन शिरेतून, दोन आठवडे.

आता त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. त्याला सगळे कप्तान म्हणतात. बंदरावरच्या गोदामात कारकून होता, जहाजावर उभ्या जन्मात चढला नसेल, पण पांढरी टोपी घालतो आणि पाण्यात उतरला की तरण्या पोरांना मागे टाकतो. सकाळच्या तलावावर आम्हा ज्येष्ठांचा गट आहे, तिथे भेटला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याने मला पाठीवर तरंगायला शिकवलं. "मान सोड, पाणी धरतं," म्हणाला. मी मान सोडली आणि मग बाकीचंही.

मला कुणी सोळा वर्षांची समजू नये. मला हवं होतं म्हणून मी गेले त्याच्या घरी. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आता आपल्या वयात कसली भीती?" आणि मी मान डोलावली. मी. कुणाचाही वापरलेला चष्मा पुसल्याशिवाय नाकावर न ठेवणारी बाई.

१० सप्टेंबर, रुग्णालय

सुईमुळे हात जड झालाय, अक्षर वाकडं येतंय.

मुलाला फोनवर डोळ्याचं इन्फेक्शन म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू गॉगल घालत नाहीस ना, म्हणून." बरं, म्हटलं.

वन्सं आल्या होत्या. पलंगापासून हातभर लांब बसल्या. "इन्फेक्शन म्हणजे कसलं? त्याला नाव असेल ना? एकाचं दुसऱ्याला लागतं का?" मी म्हटलं, "डोळ्यात डोळा घातला तर लागतं." त्या हसल्या नाहीत. एवढ्या उकाड्यात पायात मोजे आणि डोक्याला घट्ट रुमाल. माझ्या वासाचीसुद्धा भीती वाटत असणार. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि आजारी पडल्यावर मी परकी.

वरून म्हणाल्या, "बुधवारी कारखान्यात काचा आणायला कोण जाणार?" मी इथे सलाइनला टांगलेली, आणि यांना बुधवारची पडलीय.

११ सप्टेंबर

कप्तान आला. हातात मासिक, डोक्यावर तीच टोपी. शेजारच्या पलंगावरच्या आजीला जाताजाता नमस्कार, नर्सला विनोद. मी पडदा ओढायला लावला आणि सांगून टाकलं. रोगाचं नाव, आणि तूही ताबडतोब तपासून घे.

त्याचा चेहरा पाहत होते. एका डोळ्याने जेवढा दिसतो तेवढा. तो आधी आजूबाजूला बघून आला की कुणी ऐकलं का.

"मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. रोज पोहतो."

"तुला दिसत नसेल. आत असतं ते."

"हे बघ," तो खाली बसून अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मी दोष देत नाही. पण असले आजार वर्षानुवर्षं अंगात लपून राहतात, तूच म्हणतेस. तुझे मिस्टर फिरतीवर असायचे ना? प्रदर्शनांना वगैरे?"

मी मासिक फेकून मारलं. ते त्याला लागलं नाही, एका डोळ्याने अंदाज येत नाही. तो टोपी सावरत गेला. आजी पडद्याआडून म्हणाली, "भाऊ आहे का हो तुमचा?"

१२ सप्टेंबर

झोप नाही.

त्याने विष ओतलं ते बरोबर जागी गेलं. हे फिरतीवर जायचे हे खरं. एकदा चार दिवसांचे आठ झाले होते. तेव्हा मी विचारलं नव्हतं. आज मेलेल्या माणसाच्या खिशात हात घालून बघतेय. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांना उत्तर देता येत नाही आणि हा नालायक त्यांच्यावर ढकलून पोहायला मोकळा.

सकाळी डॉक्टरणीला विचारलं, सरळच. ती म्हणाली, "तळहातांवर डाग या उन्हाळ्यात आले ना? तो रोगाचा दुसरा टप्पा. लागण झाल्यावर थोड्या महिन्यांत येतो. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाकडून या उन्हाळ्यात डाग येत नाहीत."

ती गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. डोळ्याला रडणं चांगलं की वाईट, हे विचारायचं राहिलं.

१५ सप्टेंबर

धुकं विरळ झालंय. ठिपके आहेत. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसतात, आकडे नाहीत.

आज समुपदेशनाची बाई आली. हळू बोलणारी, खुर्ची जवळ ओढून बसणारी. ज्यांच्याशी संबंध आला त्यांना कळवायला हवं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या बाजूने एकच आहे आणि त्याला कळवलं, तो ठणठणीत आहे. ती म्हणाली, "त्याच्या बाजूने किती आहेत, माहीत आहे?"

असा विचार मी केलाच नव्हता असं नाही, पण आकड्यात नव्हता केला. मला वाटत होतं मी एका माणसाबरोबर आहे. तो ज्या ज्या बायकांकडून उठून आला, त्या सगळ्यांची बिछायत माझ्याच पलंगावर होती तर.

आणि मला माहीत आहे ती कोण. भूगोलबाई. आमच्या गटाची पुढारी, शाळेत भूगोल शिकवायची, लाल पोहण्याचा पोशाख घालते, साठी उलटून. कप्तान पाण्यातून वर आला की टॉवेल घेऊन हीच पुढे. हसते तर तलावाच्या त्या टोकाला ऐकू जातं. बघून घेईन.

२३ सप्टेंबर

काल घरी सोडलं. आज आधी भूगोलबाईकडे गेले.

शब्द ठरवून गेले होते. पायरीवरच सांगून टाकलं, बसलेसुद्धा नाही. मला हा रोग झालाय, कप्तानकडून झालाय, तुम्हालाही असणार, तपासा, आणि लाज असेल तर यापुढे लांब राहा.

ती ऐकून घेत राहिली. मग दार पूर्ण उघडलं. "आत या. पायरीवर भांडण चांगलं दिसत नाही."

आत खुर्चीवर बसवून म्हणाली, "मला त्याने विचारलं होतं. गेल्या वर्षी. मी म्हटलं, चालेल, पण कंडोम घेऊन ये आणि आधी दोघं रक्त तपासू. तो म्हणाला, या वयात? मी म्हटलं, या वयातच. तो जो गेला तो परत आला नाही. टॉवेल मात्र अजून माझाच वापरतो, मेला."

इतके दिवस जिच्यावर दात खाल्ले, तिने विचारलेला साधा प्रश्न मला विचारता आला नव्हता. मला तिचा आणखीच राग आला.

"तुम्हाला हे कसं सुचलं?" मी विचारलं.

"माझी बहीण," ती म्हणाली. "तिला मूल होईना म्हणून सासरच्यांनी जन्मभर टोचलं. नवरा बाहेरून आणायचा ते हिच्या आत पसरून नळ्या बंद झाल्या होत्या. हिला कधी काही दुखलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा चाळिशी उलटली होती." मग म्हणाली, "तुमच्याखेरीज कोण आहे बघा. बुधवार वेगळा ठेवलाय त्याने. बुधवारी कधी पोहायला थांबत नाही, घाईत असतो."

बुधवारी तो पत्ते खेळायला जातो, असं मला सांगितलं होतं. क्लबात बायकाही येतात म्हणे. शोधायला हवं.

२५ सप्टेंबर

आज दुकानात जे झालं ते लिहायला हात होत नाही, पण लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

मी आल्यापासून वन्सं काउंटरवर हातमोजे घालून बसतात. गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना त्यांच्या हातून ट्रे पडला. स्क्रू बारीक, उचलता येईनात म्हणून त्यांनी हातमोजे काढले. मीही खाली बसले उचलायला. त्यांचा तळहात माझ्या डोळ्यांसमोर. तांबूस डाग, अगदी माझे होते तसेच.

माझ्या तोंडून निघालं, "लिक्विडची ॲलर्जी का हो, वन्सं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं. बुधवार. मी काचा आणायला कारखान्यात जाते तो बुधवार. त्याच्या चष्म्याची दांडी दर आठवड्याला ढिली व्हायची आणि तो म्हणायचा, "तू नव्हतीस, तुझ्या वन्संनी करून दिली घट्ट." मला त्याचं कौतुक वाटायचं. किती आठवणीने दुकानात डोकावतो.

गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं आणि शटर ओढलं.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून," त्या म्हणाल्या. जमिनीवरच बसलेल्या, हातात स्क्रू.

"माझ्या दुकानाच्या वर. माझ्या घरात."

"माझंही घर आहे ते," वन्सं म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "मला माहीत नव्हतं गं तुझं. खरंच नव्हतं. तो तुला रुग्णालयात बघायला गेला हे कळलं तेव्हा समजलं."

"तेव्हा समजलं आणि तुम्ही गप्प बसलात? दोन आठवडे? अहो, माझा डोळा जायची वेळ आली, उद्या तुमचा कान जाईल, डोकं जाईल. मोजे घालून बसता? मोज्यांनी जातो का हा?"

"तू असतीस तर सांगितलं असतंस? मला?"

मी तरी कुठे सांगितलं होतं. त्यांना कळलं तर दुकानात बसू देणार नाहीत, या भीतीने मी पोहण्याची पिशवी घेऊनच त्याच्याकडे जायची आणि घरी येताना नळाखाली केस ओले करायची. एका छताखाली दोघी एकमेकींना घाबरून गप्प. त्याला आमच्यापासून काही लपवावंच लागलं नाही. लपवायचं काम आम्हीच चोख केलं.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जन्मात पहिल्यांदा मला कुणी विचारलं गं. चौसष्ट वर्षांत. त्यात मी आणि काय काय विचारत बसू?"

मला त्यांना थोबाडीत मारावीशी वाटली. आणि जवळ घ्यावंसंही. दोन्ही केलं नाही. स्क्रू गोळा केले.

२६ सप्टेंबर

वन्संना घेऊन गेले. आज आम्ही एकमेकींशी फक्त कामाचं बोलतोय. पिशवी घ्या. जिना सांभाळा.

तपासणीच्या खोलीतली सिस्टर तरुण. तिने वन्संचं वय लिहिलं आणि पेन थांबलं. "आजी, चुकून या खोलीत आलात का? मोतीबिंदू समोर आहे."

"चुकून नाही आल्या," मी म्हटलं. "मोतीबिंदू माझ्या दुकानात रोज बघतो आम्ही. यांना गरमी झालीय, सिफिलिस. लिही." तिने लिहिलं. आवाज चढला होता माझा. बाहेरच्या बाकावरची दोन पोरं मोबाइलमधून वर बघायला लागली.

किती त्वचेच्या डॉक्टरांनी किती म्हाताऱ्या बायकांना मलम देऊन घरी पाठवलं असेल, कारण तळहाताचे डाग बघून आजीला तो प्रश्न कसा विचारायचा. लाज त्यांना, डोळा आमचा.

वन्संचं लवकर सापडलं. डोळे, कान ठीक. पार्श्वभागावर इंजेक्शन, आठवड्याच्या अंतराने आणखी दोन. बाहेर आल्या त्या लंगडत. भिंतीला धरून म्हणाल्या, "आत विचारलं तिने, किती जण? एक, म्हटलं. विश्वास बसेना तिचा. एका माणसाने एवढं होतं का, म्हणे."

"होतं," मी म्हटलं. "एक पुरतो."

रिक्षात त्यांना नीट बसता येईना. माझ्या अंगावर रेलून बसल्या. मी रागावलेलीच होते, पण खांदा काढून घेतला नाही.

३ ऑक्टोबर

आज तलावावर गेले. पोहायला नाही, अजून परवानगी नाही. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि बाकावर बसून बोलले. वन्सं म्हणाल्या होत्या, कुणाचं नाव घेऊ नकोस. घेतलं नाही. फक्त रोगाचं घेतलं. म्हटलं, मला झालाय. मला वाटलं होतं मी सुटले, वय झालं. मला वाटलं होतं तो फक्त माझ्याकडे येतो. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कंडोम वापरला नाही. एक डोळा जेमतेम वाचला. औषध आहे आणि औषधाने बरं होतं, पण बरं झाल्यावर पुन्हा त्याच माणसाकडे गेलं तर पुन्हा होतं. ज्यांना तपासायचं त्यांनी मंगळवारी माझ्याबरोबर चला.

एक जण म्हणाली, "शोभतं का हे बोलणं?" आणि पिशवी उचलून गेली. दुसरी तिच्या मागे. तिसरी टोपीखाली केस कोंबत मला म्हणाली, हळूच, "मंगळवारी किती वाजता असतं ते?"

भूगोलबाई लाल पोशाखात उभी होती. काही न बोलता बाहेर गेली, तलावाच्या काठावर. कप्तान पाण्यात पाय सोडून बसला होता. तिचा शाळेतला आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू आला. "रक्ताचा रिपोर्ट आणा, मग पाण्यात उतरा. आणि तो टॉवेल ठेवा इथे."

पोहण्याच्या पाण्याने हा रोग लागत नाही. मला माहीत होतं, तिलाही माहीत असणार. आम्ही दोघींनी ते कुणाला सांगितलं नाही.

७ ऑक्टोबर

डोळा तपासला. डॉक्टरणीने तक्ता वाचायला लावला. खालच्या दोन ओळी उजव्याने येत नाहीत, येणारही नाहीत. "वेळेत आलात," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने वेळेत.

दुपारी कप्तान दुकानात आला. वन्सं काउंटरवर होत्या. तो दोघींना एका जागी पहिल्यांदाच बघत होता. दारातच घुटमळला. वन्संनी वर न बघता विचारलं, "दांडी ढिली झाली का?" आणि मागच्या खोलीत निघून गेल्या.

"तुम्ही सगळ्यांनी माझी शोभा केली," तो मला म्हणाला. मी काच घासत राहिले. मग म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. मला एकट्याला तिथे… सुईची मला लहानपणापासून भीती आहे."

त्याक्षणी त्याच्या अंगावर काच फोडावीशी वाटली. कुणाकडे मागतोय हा सोबत? ज्या बाईला नवऱ्यावर संशय घ्यायला लावला तिच्याकडे. पण तो एकटा निघाला तर कोपऱ्यावरून परत फिरेल, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यासाठी एक डोळा पुरे. वन्सं आतून ओरडल्या, "जा तू. दुकान मी बघते."

मी पुढे, तो मागे. खिडकीवर सिस्टरने मला ओळखलं. "हे तुमचे कोण?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

रक्तात रोग निघाला. त्याला अंगावर कधी काही दिसलं नव्हतं, किंवा दिसलं ते त्याने बघितलं नव्हतं. खुर्चीवर तो लहान दिसायला लागला. टोपी गुडघ्यावर. इंजेक्शनच्या खोलीत जाताना दारात थांबून मला विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं," मी म्हटलं.

आतून त्याचा आवाज आला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. महिनाभर याच आवाजाची वाट पाहत होते. नुसताच आवाज होता तो, कळवळलेल्या माणसाचा. बरं वाटलं नाही, म्हणून त्याचाही राग आला.

लंगडत बाहेर आल्यावर समुपदेशनाच्या बाईने त्याला समोर बसवलं. मी उठायला लागले तर तो म्हणाला, बस. बाईने विचारलं, आणखी कुणाला कळवायचं आहे. त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "दोनच." बाई नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तीन. एक होती. आता नाही. ती मुलीकडे राहायला गेली, दुसऱ्या गावी."

"नाव?"

"आम्ही ताई म्हणायचो."

"आडनाव? फोन?"

"आठवत नाही. जाऊ द्या ना, गेली ती. चांगली होती तब्येत तिची."

मी त्याच्या खिशातून फोन काढून घेतला. त्याने हात पुढे केला, पण दुखत असल्यामुळे पुरतं वळता आलं नाही. "कुठल्या नावाने ठेवलंयस?" मी विचारलं. तो खाली बघत राहिला. मी म्हटलं, "मला घाई नाही. दुकान वन्सं बघतायत."

शेवटी तो म्हणाला, "प्लंबर."

होता नंबर. समुपदेशनाची बाई म्हणाली, "मी कळवते, ते माझंच काम आहे." मी म्हटलं, "तुमच्याकडून तिला आजार कळेल. ती एकटी नाही, हे माझ्याकडून कळू दे. नंतर तुम्ही बोला." तिने आपल्या टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला, फोन माझ्याकडे सरकवला आणि स्वतः तिथेच बसली.

पलीकडे घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचललं. मागे भांड्यांचा आवाज, कुठलंसं लहान मूल बोबडं बोलत होतं. बाईचा आवाज माझ्याच वयाचा. "कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "तुम्ही मला ओळखत नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. तुमचे डोळे कसे आहेत?"

ती हळू म्हणाली, "का हो? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आधी मुलाला कुणाकडे तरी द्या," मी म्हटलं, "आणि खुर्ची घेऊन बसा."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.